गदारोळातली सम

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझे एक जुने स्नेही सपत्नीक आमच्याकडे आले होते. चहा झाला, फराळाच्या डब्यातला उरलासुरला चिवडा झाला आणि गप्पा ओघानेच जुन्या मैफलींकडे वळल्या. अमुक साली अमक्यांचे गाणे पहाटेपर्यंत जागून ऐकले, ही आमच्या पिढीची आवडती बढाई. ती ऐन रंगात आली असतानाच आतल्या खोलीतून आवाज सुरू झाला. आता त्याला काय म्हणावे? पत्र्याच्या छपरावर कुणीतरी खडीचा ट्रक रिकामा करावा, शेजारी लाकूड कापायचा करवत चालू असावा आणि या सगळ्यावर एखादा माणूस घसा खरवडून कुणाला तरी शिव्याशाप देत असावा, असा तो प्रकार. भिंतीवरचे कॅलेंडर थरथरू लागले. स्नेह्यांनी कप खाली ठेवला. वहिनी हसून म्हणाल्या, "मुलगा मोठा झाला वाटतं!"

मी उठून आत गेलो आणि स्पीकरची पिन भिंतीतून सरळ उपसली. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पण दार उघडे होते, बाहेर पाहुणे ऐकत होते आणि माझ्या तोंडून निघून गेले, "हे संगीत नाही, हा आजार आहे."

चिरंजीवांचे वय तेवीस. ते उलट बोलले नाहीत. शांतपणे वायर गुंडाळून कपाटात ठेवून दिली. त्या दिवसापासून घरात एकदम शांतता झाली. कानाला हेडफोन, दार बंद, जेवायला आला तर 'हो', 'नको', 'पुरे'. गिटार त्याने मित्राच्या घरी नेऊन ठेवली. पहिले आठ दिवस मला ही शांतता बरी वाटली, हे कबूल करतो. पुढे ती टोचू लागली. सौ. त्यावर फार बोलली नाही. एकदा भाजी निवडता निवडता एवढेच म्हणाली, "तुम्ही ते एकदा तरी पुरतं ऐकलं होतंत का हो?"

नव्हते ऐकले. कॉलेजात असताना चार वर्षे तबला शिकलो, कायदे-रेले बऱ्यापैकी हाताला बसले होते, मग नोकरी लागली आणि तबल्याची जोडी माळ्यावर गेली. तेवढ्या पुंजीवर मी जगातल्या तमाम संगीताचा परीक्षक होऊन बसलो होतो. शेवटी एका रात्री त्याच्या दाराशी जाऊन म्हटले, "मी काय ऐकू, ते लिहून दे." त्याने संशयानेच पाहिले. मग विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर दोन नावे लिहून दिली आणि खाली एक ओळ लिहिली : 'पेपर वाचता वाचता ऐकू नका.'

ती दोन नावे अशी. 'एथिइस्ट' या वाद्यवृंदाचा 1991 सालचा 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स' आणि 'सिनिक' या वाद्यवृंदाचा 1993 सालचा 'फोकस'. दोघेही अमेरिकेतल्या फ्लॉरिडाचे. पहिले सारासोटाचे, दुसरे मायामीचे. फ्लॉरिडा म्हटले की आपल्याला डिस्नेची नगरी आणि पेन्शनर मंडळींचे समुद्रकिनारे आठवतात. पण 1980 च्या दशकाच्या अखेरीस याच राज्यात 'डेथ मेटल' नावाच्या, जगातल्या अत्यंत कर्कश संगीतांपैकी एकाची राजधानी वसली. टॅम्पा शहरातला 'मॉरिसाउंड' स्टुडिओ ही त्या पंथाची पंढरी, आणि तिथे बसून स्कॉट बर्न्स या ध्वनिमुद्रकाने एकामागून एक अल्बम मुद्रित केले. वेष्टनावर सांगाडे, गाण्यांतून प्रेते, नावातच मरण. आईबापांनी घाबरावे अशीच सगळी सजावट, आणि पुष्कळांची धाव त्या सजावटीपर्यंतच गेली. परंतु त्या गर्दीत काही पोरे अशी निघाली, की त्यांचा एक कान मेटलकडे होता आणि दुसरा जॅझकडे.

पहिल्यांदा 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स' ऐकला तेव्हा मला काहीही कळले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. आठ गाणी, सारा ऐवज बत्तीस मिनिटांचा, पण मला तो तीन तासांचा वाटला. दुसऱ्यांदा ऐकताना एक-दोन वळणे ओळखीची वाटली. तिसऱ्या वेळी मी समीक्षकाचा आव सोडला आणि मांडीवर बोटे मोजू लागलो. सात मात्रा झाल्या, पुन्हा सात, मग एकाएकी चार, मग नऊ. चुकलो. पुन्हा मागे नेले, पुन्हा मोजले. आणि हळूहळू ध्यानात आले, की ही चार माणसे कुठेही एकमेकांना सोडून जात नाहीत. वाट कमालीची वाकडी आहे, पण चौघेही तीच वाट चालताहेत. एका जागी चौघे एकदम थबकतात, मधे अर्ध्या मात्रेची पोकळी राहते आणि पुढच्या क्षणाला चौघे एकदम उडी घेतात. मला जी दंगल वाटत होती ती चोख बसवलेली कवायत निघाली.

आमच्याकडे जुन्या माणसांना चकव्यावर विश्वास होता. ओळखीच्या रानात माणूस रात्रभर त्याच त्या झाडाभोवती फिरत राहतो आणि पहाटे डोळे उघडतात तर समोर आपलेच शेत. या संगीताचे आकर्षण मला त्या चकव्यासारखे वाटते. आधी ते तुमची दिशा काढून घेते. ठेका सापडला म्हणेपर्यंत तो पायाखालून सरकतो. मग पाचव्या-सहाव्या फेरीला कान आपोआप वळण घेतो, पुढे येणारी ठोकर तुम्हाला आधीच कळते, आणि ती नेमकी तिथेच पडते तेव्हा जो आनंद होतो, तो समेवर मान हलवणाऱ्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे सम कुठे आहे हे तबलजी सांगत असतो. इथे ती ज्याची त्याने शोधायची.

यात जॅझ कुठे आहे, असा प्रश्न मलाही पडला होता. जॅझ म्हणजे हॉटेलात जेवताना मागे चाललेला सॅक्सोफोन, एवढीच आपली समजूत. प्रत्यक्षात जॅझने या पोरांना दोन मोठ्या गोष्टी दिल्या. एक म्हणजे बेस गिटारला आवाज मिळाला. साध्या रॉकमध्ये हे वाद्य बहुतेक वेळा हमाली करते. गिटार जाईल तिकडे बोजा घेऊन मागे मागे जायचे. जॅझमध्ये ते स्वतःचे वाक्य बोलते, प्रसंगी हुज्जतही घालते. दुसरी गोष्ट ड्रमची. जॅझचा वादक ठेका धरता धरता इतरांच्या बोलण्याला उत्तर देत असतो. स्टीव्ह फ्लिन हा एथिइस्टचा ड्रमवादक लक्ष देऊन ऐका; दोन्ही पाय घोड्यासारखे दौडत असताना त्याची झांज मात्र बारीक नक्षी काढत असते.

बेसच्या बाबतीत या अल्बममागे एक गोष्ट आहे आणि ती कळल्यापासून मला तो पूर्वीसारखा ऐकता येत नाही. रॉजर पॅटरसन हा त्यांचा बेसवादक, विशीतला तरुण. नव्या गाण्यांतले आपले वादन त्याने रचून ठेवले होते. 1991 च्या फेब्रुवारीत दौऱ्याहून परतताना गाडीला अपघात झाला आणि तो गेला. उरलेल्या तिघांनी काम सोडले नाही. सिनिकमधला टोनी चॉय पुढे आला, पॅटरसनच्या रचना त्याने शिकून घेतल्या आणि त्याच वर्षी अल्बम मुद्रित झाला. म्हणजे आज आपण ऐकतो ती बोटे एकाची आणि त्यामागचा विचार दुसऱ्याचा. वरवर नुसती खणखण वाटणाऱ्या त्या बत्तीस मिनिटांत एका मित्राची आठवण मात्रा न चुकवता पार पाडलेली आहे. हे मला मुलाने सांगितले, तेही जेवताना, ताटाकडे बघत. 'हो', 'नको', 'पुरे'च्या पलीकडचे त्या महिन्यातले ते त्याचे पहिले वाक्य.

मग मीही एक वाक्य टाकले. म्हटले, "जॅझ आणि विजेच्या गिटारी एकत्र करण्याचा उद्योग तुमच्या या लोकांच्या आधी झालाय. जॉन मॅकलॉफ्लिन ऐकला आहेस का?" त्याने घास हातात धरून माझ्याकडे पाहिले. मॅकलॉफ्लिन हा मूळचा इंग्रज गिटारवादक, माइल्स डेव्हिसच्या पंखाखालून पुढे आलेला. न्यूयॉर्कमध्ये श्री चिन्मय यांचा तो शिष्य झाला. गुरूंनी दिलेल्या नावावरून त्याने 1971 साली 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. विषम मात्रांचे ताल, कानठळ्या बसवणारा वेग आणि मागे बिली कॉबमचे ड्रम. हे संगीत तेव्हाही पुष्कळांना गोंगाट वाटले होते. पुढे याच मॅकलॉफ्लिनने मुंबईचे झाकीर हुसेन, व्हायोलिनवाले एल. शंकर आणि घटमवाले विक्कू विनायकराम यांना घेऊन 'शक्ती' उभी केली. शक्तीची तबकडी मी मित्राकडून मागून आणली होती, आणि ती ऐकून माझे वडील म्हणाले होते, "ही खिचडी आहे. गाणं नाही." हे मी मुलाला सांगितले नाही. सौ.ने सांगितले.

महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या पहिल्या अल्बममध्ये मायेच्या नृत्यावर एक रचना आहे. आणि बावीस वर्षांनी आलेल्या सिनिकच्या 'फोकस'चे पहिलेच गाणे आहे 'व्हेल ऑफ माया', म्हणजे मायेचा पडदा. सांगाडे आणि प्रेते यांच्या बाजारात मायामीची ही विशीतली पोरे मायेबद्दल गात होती! पॉल मॅस्व्हिडाल आणि ड्रमवादक शॉन रायनर्ट हे त्यातले दोघे 1991 साली 'डेथ' या वाद्यवृंदाच्या 'ह्यूमन'वर वाजवून नावारूपाला आले होते. डेथचा प्रमुख चक शुल्डिनर हा या पंथाच्या आद्य पुरुषांपैकी एक. त्यालाही या दोघांमुळे नवी दिशा मिळाली. मात्र त्यांच्या स्वतःच्या अल्बमचे नशीब खडतर. 1992 च्या ऑगस्टमध्ये ॲन्ड्र्यू वादळाने दक्षिण फ्लॉरिडा उद्ध्वस्त केले, त्यात ध्वनिमुद्रण लांबले. 1993 मध्ये अल्बम आला आणि दौऱ्यावर त्यांना जोडून दिले ते 'कॅनिबल कॉर्प्स' या रक्तमांसाची गाणी म्हणणाऱ्या मंडळींबरोबर. ती गाणी ऐकायला जमलेल्या गर्दीपुढे हे यंत्रातून गाळलेल्या नाजूक आवाजात मायेचा पडदा घेऊन उभे राहिले. स्वागत कसे झाले असेल, हे सांगायला नको. 1994 मध्ये मंडळी पांगली. पुढे त्याच 'फोकस'ची पारायणे करणारी एक पिढी तयार झाली आणि पंधरा वर्षांच्या अंतराने, 2008 साली, त्यांचा दुसरा अल्बम निघाला. रायनर्ट आणि बेसवादक शॉन मलोन हे दोघेही 2020 या एकाच वर्षात गेले.

'फोकस' ऐकताना एक तांत्रिक कोडे उलगडले, ते सांगण्याचा मोह आवरत नाही. मेटलमधली गिटार मुद्दाम फाटक्या आवाजात वाजवतात. हा फाटका आवाज, ज्याला डिस्टॉर्शन म्हणतात, फार मानी असतो. त्यातून षड्ज आणि पंचम एकदम छेडले तर ते दमदार वाजतात, कारण दोघांचे नाते सरळ आहे; तंबोरा जुळवणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. पण जॅझमध्ये लागतात तसे चार-पाच वेगवेगळे स्वर त्यातून एकदम काढले, की त्यांच्या आपसातल्या भांडणातून भलतेच स्वर उपजतात आणि सगळ्याचा चिखल होतो. म्हणून मेटलवाले षड्ज-पंचमावर भागवतात. सिनिकने यावर तोड काढली. जिथे जॅझची स्वरसंगती हवी तिथे आवाज स्वच्छ करायचा, जिथे धडक हवी तिथे पुन्हा फाडायचा, आणि हे एकाच गाण्यात अनेकदा. त्यामुळे मुसळधार पावसात मध्येच ऊन पडावे तसे ते ऐकू येते.

घसा खरवडण्याचे काय? तो आवाज मला आजही आवडत नाही. पण त्यालाही तंत्र आहे हे आता कळले. नुसते ओरडणारा गायक आठवड्यात मुका होईल. हे लोक स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांना कंप देऊन तो घोगरा गडगडाट काढतात आणि त्याचा सराव करावा लागतो. शब्द कळत नाहीत ही माझी तक्रार होती. त्यावर चिरंजीवांनी विचारले, "बाबा, तराण्यातले शब्द तुम्हाला कळतात?" मी विषय बदलला.

घरोघरी खरी काळजी निराळीच असते. असले ऐकून पोरगा बिघडेल, हिंस्र होईल. माझ्या 'आजार' या शब्दामागे तीच होती. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात लिआ शार्मन आणि जेनेव्हिव्ह डिंगल यांनी 2015 साली या विषयावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुळात हेच संगीत ऐकणाऱ्या 18 ते 34 वयाच्या 39 जणांना आधी राग येईल अशा आठवणी काढायला लावल्या. मग काहींना त्यांच्या आवडीचे मेटल दहा मिनिटे ऐकू दिले, काहींना नुसते स्वस्थ बसवले. संगीत ऐकणाऱ्यांची नाडी चढीच राहिली, पण त्यांचा राग आणि चिडचिड स्वस्थ बसलेल्यांइतकीच उतरली, वर थोडी उभारीही वाटली. 39 माणसांवरून सगळ्या जगाचा निवाडा करू नये, हे खरे. पण आपल्याला तरी दाखला हवा कशाला? गणपतीत पन्नास-पन्नास ढोलांच्या मधोमध उभे राहून छातीचा पिंजरा हादरवून घेणारे आपण लोक. त्या आवाजाने आपण हिंस्र होतो का? घरी येतो तेव्हा हातपाय गळालेले असतात आणि मन धुतल्यासारखे.

यावरून मी या संगीताला शास्त्रीय संगीताच्या पंगतीला नेऊन बसवतो आहे असे कुणी समजू नये. त्यातले दोष मला दिसतात. जॅझचा प्राण उत्स्फूर्ततेत आहे. त्या क्षणी सुचेल ते वाजवायचे. इथे एखादा एकल तुकडा सोडला तर जवळपास सगळे आधीच बसवलेले, तोंडपाठ. अराजकाचा भास आणि आत कडक शिस्त, ही त्याची गंमत, तीच त्याची मर्यादा. शिवाय या वाटेने मागून आलेल्यांत निव्वळ कसरतपटूंची संख्या फार. सेकंदाला किती स्वर, मिनिटाला किती ठोके, याचीच शर्यत. तबल्यातही हे होतेच; बोटे पळतात आणि बोल मागे राहतो. चार-दोन अल्बम मी अर्ध्यावर बंद केले आणि मुलाने त्यांची बाजू घेतली नाही, हे त्याच्या कानाचे कौतुक म्हणून नोंदवतो. आणि आवाजाच्या पातळीबद्दल माझे म्हणणे कायम आहे. हेडफोन कानात खुपसून तासन् तास मोठ्याने ऐकले तर कान जातात, मग ते मेटल असो की भूप.

मागच्या रविवारी त्याने मला खोलीत बोलावले. गिटार परत आली होती, कोपऱ्यात उभी. कपाटातून वायर काढून त्याने उलगडली, पिन माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तुम्हीच लावा." लावली.

या वेळी स्वीडन. 'मेशुगा' नावाची मंडळी, 1998 सालच्या 'केऑस्फिअर' अल्बममधली एक रचना. त्याने कागदावर हिशेब मांडून दाखवला. झांज सरळ चारच्या चालीने चालते; प्रत्येक चालीचे बारीक सोळा भाग, अशी आठ आवर्तने, म्हणजे एकशे अठ्ठावीस. गिटारचा तुकडा मात्र तेवीस भागांचा. तो झांजेवरून घसरत, दर फेरीला वेगळ्याच जागी पडत पाच वेळा जातो. एकशे पंधरा झाले. उरलेल्या तेरांत तोच तुकडा तोडून टाकायचा, आणि एकशे अठ्ठाविसाव्या भागानंतर झांज, गिटार, पाय, सगळे एकदम समेवर. सोळा मात्रा आणि आठ आवर्तने पाहून माझ्यातला तबलजी चाळीस वर्षांनी ताठ बसला. म्हटले, हा तर आपल्या घरचा हिशेब. लाव.

पहिली फेरी मोजली, दुसरी मोजली. तिसरीला अंगठा करंगळीवरून एक पेर पुढे सरकला, पण सावरले. चौथीला पार वाहून गेलो आणि मी सतराव्या मात्रेवर असताना सम येऊन निघूनही गेली. चिरंजीव खो खो हसत होते.

"बाबा, गिटार मोजू नका. झांजेकडे लक्ष ठेवा."

"पुन्हा लाव. पहिल्यापासून."

त्याने आवाज जरा वाढवला. बाहेरच्या खोलीत कॅलेंडर थरथरू लागल्याचे उघड्या दारातून दिसले, आणि पाठोपाठ स्वयंपाकघराचे दार लावून घेतल्याचा आवाज आला.